पन्हाळ्यावर दोन दिवसांचं पॉलिफनी शिबिर: तंबोरा चालू ठेवायचा की बंद?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. प्रश्न तंबोऱ्याचा आहे, पण आधी आम्ही काय गातो ते सांगावं लागेल, नाहीतर अडचण कळायची नाही.

आम्ही अकरा जण दर रविवारी सकाळी साडेसातला राजारामपुरीत एका मैत्रिणीच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो आणि सोळाव्या शतकातलं युरोपातलं समूहगान गातो. पॉलिफनी म्हणतात त्याला, एकाच वेळी अनेक स्वतंत्र ओळी. पालेस्त्रीना, व्हिक्टोरिया, टॅलिस, बर्ड हे त्या काळचे रचनाकार. साथीला वाद्य नाही, नुसते गळे. सहा जणी ख्याल शिकलेल्या. मी स्वतः अकरा वर्षं जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम घेतली. नोकरी शाळेत गणित शिकवण्याची. तिघं लहानपणापासून चर्चमध्ये गाणारे, एक जण बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, आणि एक जण काहीच न शिकलेला, पण खर्ज असा की तो गप्प बसला तर खोली रिकामी वाटते.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पन्हाळ्यावर मुक्कामी शिबिर ठरवलंय. पुण्याचे तिघं आणि बेळगावच्या दोघी येणार, म्हणजे सोळा जण. दोन दिवसांत दोनच रचना. एक पालेस्त्रीनाची ‘सीकुत चेर्वुस’, दुसरी व्हिक्टोरियाची ‘ओ मान्युम मिस्तेरियुम’. दुसरी नाताळची आहे, म्हणून डिसेंबरला शोभेल. ती १५७२ साली व्हेनिसमध्ये छापली गेली तेव्हा व्हिक्टोरिया जेमतेम चोविशीचा होता. इतक्या कोवळ्या वयात इतकं शांत कसं सुचलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पण खरी मेहनत ‘सीकुत चेर्वुस’वर आहे. चार आवाज, वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. टेनर एकटा सुरू करतो, मग आल्टो तीच ओळ घेऊन येतो, मग सोप्रानो, सगळ्यात शेवटी बास. शब्द सगळ्यांचे तेच, पण प्रत्येकाची वेळ वेगळी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मुखडा शोधत होते, सम शोधत होते. दोन्ही सापडेनात. मग कधीतरी लक्षात आलं की इथं कुणीही कुणाची साथ करत नाही. प्रत्येकाची ओळ एकटी गायली तरी पुरी आहे, आणि तरीही दुसऱ्या तिघांना ऐकल्याशिवाय ती गाता येत नाही. त्या दिवसापासून मी या गाण्यात अडकले.

अडचण अशी. ही रचना तीन-साडेतीन मिनिटांची. आम्ही सुरुवातीला तंबोऱ्यावरून सा घेतो, तंबोरा बंद करतो, गातो, आणि शेवटी पुन्हा लावून बघतो तर आम्ही जवळजवळ पाव सूर खाली उतरलेलो असतो. दर वेळी. बेसूर कुणी लागत नाही. मधल्या कुठल्याही क्षणी थांबवलं तर चौघं एकमेकांशी अगदी स्वच्छ लागलेले असतात. म्हणजे आम्ही सगळे मिळून, एकमेकांचे हात धरून खाली उतरतो.

काही जणी म्हणतात तंबोरा सबंध वेळ चालू ठेवा, उतरायला जागाच राहणार नाही. करून पाहिलं. सुरुवात फार सुंदर होते आणि पंधरा-वीस सेकंदांनी कानाला टोचायला लागतं. शिबिरात बाहेरची माणसं येणार आहेत, त्यांना एकच पद्धत सांगायची आहे. काय करावं?

दुसरा, छोटा प्रश्न: स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) न येणाऱ्यांना सरगम लिहून द्यावी का?

जवारीवाला (मिरज)

ताई, मी तंबोऱ्याच्या दुरुस्तीचं काम करतो, जवारी काढण्यात, म्हणजे तार टेकते त्या घोडीचा माथा घासून नाद जमवण्यात, माझी तीस वर्षं गेली. तुमचं ते गाणं मी ऐकलेलं नाही, पण तंबोरा काय करतो ते सांगतो, त्यावरून तुम्हीच ठरवा.

जवारी नीट निघाली आणि तारेखालचं सूत नेमक्या जागी बसलं की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो. त्याची तार नाही, त्याला कुणी छेडत नाही, म्हणून स्वयंभू. हा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा उतरलेला असतो. ज्याचा कान तयार आहे त्याला पेटीचा गंधार त्याच्याशेजारी चढा लागतो. पंचमाच्या तारेतून तसेच निषाद आणि रिषभ निघतात. म्हणजे तार छेडली की खोलीत सा, रे, ग, प, नि आधीच हजर असतात. बघा, यात शुद्ध मध्यम नाही. तुमचे गळे मध्यमावर जाऊन बसले की पंचमाची तार बोचणारच. मालकंसाला आपण पंचम उतरवून मध्यम लावतो तो त्यासाठीच.

तुमच्या रचनेत गळे मध्यमावर किती वेळ राहतात?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

दादा, तुमच्या प्रश्नानं माझा अर्धा गुंता सुटला. गळे मध्यमावर येतात, धैवतावर येतात, रिषभावर येतात, आणि नुसते टेकून जात नाहीत. बास मध्यमावर गेला की तेवढ्या वेळापुरता मध्यमच घराचा धनी होतो, वरचे तिघं त्याच्या हिशेबानं लागतात. दोन शब्दांनी धनी बदलतो. तंबोरा मात्र पहिल्या सा वर अढळ. टोचतं ते इथंच.

मुळा-मुठा (पुणे)

मी शिक्षणासाठी इंग्लंडात होते तेव्हा अशा तीन शिबिरांना गेले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमचं खाली उतरणं ही तयारीतली कमतरता नव्हे, उलट तुमचे कान चांगले असल्याची खूण आहे. तुम्ही गणिताच्या बाई आहात, तर आकडेच देते. सा ची कंपनसंख्या १ धरा. पंचम ३/२. पंचमाचा पंचम म्हणजे रिषभ, तो ९/८. आता तुमचा तो स्वयंभू गंधार ५/४, आणि त्याच घराण्यातला धैवत ५/३. या धैवताशी पंचमाच्या नात्यानं लागणारा रिषभ काढा: तो १०/९ येतो. म्हणजे रिषभ दोन झाले. दोघांतला फरक ८१/८०, सेंटमध्ये साधारण साडेएकवीस. पेटीचा पूर्ण सूर २०० सेंटचा असतो, त्याच्या एक दशांशापेक्षा किंचित जास्त.

आता रचनेत रे-म-ध असा मेळ (एकाच वेळी लागलेले सूर) आला आणि लगेच प-नि-रे असा आला, तर पहिल्यात १०/९ चा रिषभ हवा आणि दुसऱ्यात ९/८ चा. ज्याच्या गळ्यात रिषभ आहे तो माणूस तो धरून ठेवतो, कारण कागदावर सूर तोच आहे. मग बास बिचारा पंचम कुठं लावणार? त्या उतरलेल्या रिषभाशी जुळवून लावतो. झालं, अख्खा गट साडेएकवीस सेंट खाली. असं दोन-तीनदा घडलं की तुमचा पाव सूर भरला.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं षड्जग्राम आणि मध्यमग्राम हे दोन स्वरसंच वेगळे केले ते पंचम एका श्रुतीनं, म्हणजे अगदी बारीक अंतरानं, उतरवून, आणि ती प्रमाणश्रुती बरेच अभ्यासक ८१/८० चीच मानतात. तिकडे बेनेदेत्ती नावाच्या इटालियन गणितज्ञानं चिप्रियानो दे रोरे या संगीतकाराला पत्रं लिहून नेमकं हेच दाखवलं होतं की शुद्ध मेळ धरत गेलं तर सूर सरकत जातो. ती पत्रं १५८५ मध्ये छापली गेली. पालेस्त्रीना तेव्हा हयात होता.

उपाय: कागदावर जिथं रिषभ धरून ठेवलाय आणि खालचा मेळ बदलतोय, तिथं पेन्सिलनं वर जाणारा बाण काढा. सूर तोच, पण मेळ बदलताना तो केसभर चढवायचा. ख्याल शिकलेल्यांना हे सांगायला फार वेळ लागणार नाही.

तंबोरा सकाळी आवाज लावताना चालू ठेवा. गाताना बंद. वाक्य जिथं संपतं, चौघं मिळून टेकतात, तिथं थांबून तपासायला पुन्हा लावा.

आणि शेवटी कार्यक्रम ठेवू नका! मी गेले त्यांतल्या एका शिबिरात रविवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. शनिवारी दुपारपासून सगळे चुका लपवायला लागले. ज्या शिबिरात कार्यक्रम नव्हता तिथं लोक मोकळेपणानं चुकले आणि शिकले.

रेड्याचा टेनर (वेंगुर्ला)

बाणांची गोष्ट छान सांगितलीत. मी सरगमीबद्दल बोलतो.

माझं बालपण आजोळी गोव्यात गेलं. तिथं चर्चच्या शाळेत मेस्त्री (गाणं शिकवणारे मास्तर) आधी सोल्फा म्हणून घ्यायचे, शब्द नंतर. दो-रे-मी पक्कं झाल्याशिवाय लॅटिन तोंडात घालू द्यायचे नाहीत. पालेस्त्रीनाच्या काळातली गायक मुलंही उत-रे-मी-फा-सोल-ला अशा सहा अक्षरांवरच सूर ओळखायला शिकायची. अकराव्या शतकात ग्विदोनं घालून दिलेली रीत. तेव्हा सरगम द्या, बिनधास्त द्या. आपला सा हवा तिथं नेता येतो, हे आपल्या लोकांच्या अंगात आहेच.

फक्त एक करा. प्रत्येकाला आपल्याच ओळीचा कागद देऊ नका. त्या काळी तसंच असायचं खरं, प्रत्येक आवाजाची वेगळी वही, दुसरे काय गातायत ते कानानंच कळायचं, मात्रांच्या उभ्या रेघासुद्धा नसायच्या. पण ते लोक जन्मभर तेच गायचे. तुमच्या सोळा जणांना चारही ओळी एकाखाली एक दिसू देत. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीवर १९९८ पासून लोक अशी पानं फुकट चढवतायत, या दोन्ही रचना तिथं मिळतील.

आणि पहिल्या सकाळी प्रत्येकाला चारही ओळी सरगमीत म्हणायला लावा. आल्टोनं बासची ओळ म्हटली की दुसऱ्या दिवशी ती बासला वाट देते. उभं राहताना गोल, तोंडं आत.

जुना सेव्हनहिल (कोल्हापूर)

मी सत्तरीचा आहे, चर्चमध्ये पन्नास वर्षं बास गायलो. मराठी उपासनेत चार आवाज आमच्याकडे पहिल्यापासून आहेत, त्यामुळे हे वाचून आनंद झाला. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बेटा, ‘सीकुत चेर्वुस’ हे बेचाळिसावं स्तोत्र आहे. हरिण जसं पाण्याच्या झऱ्यांसाठी तळमळतं, तसा माझा जीव, देवा, तुझ्यासाठी तळमळतो. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्म्याच्या पाण्याला आशीर्वाद देताना हे म्हणायची प्रथा होती. तुमच्या सोळांत माझ्या धर्माचे तीन-चारच असतील, बाकीच्यांनी श्रद्धा ठेवावी असं मी म्हणणार नाही. पण अर्थ माहीत नसताना ‘देसिदेरात’ (तळमळतं) हा शब्द नुसता स्वर म्हणून ताणू नका. तहान आहे ती.

दुसरं तुम्हाला आवडेल असं. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स मूळचे इंग्रज. १५७५ मध्ये ते रोमला जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्यात आले. त्या काळात रोमच्या सेंट पीटर्समध्ये गायकवृंदाचा प्रमुख पालेस्त्रीनाच होता. तिथून निघालेल्या माणसानं मराठीत ओव्या रचल्या आणि १६१६ मध्ये त्या गोव्यातल्या राशोलला छापल्या. त्यांना तुमच्यासारखं पालेस्त्रीना आणि मराठी गळा एका खोलीत ऐकायला मिळाला असता तर काय वाटलं असतं, कोण जाणे.

पन्हाळ्यावर अंबरखान्यात गायचा मोह होईल. दगडी कमानींत आवाज सुरेख फिरतो, पण ती पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे, आणि शनिवार-रविवारी शाळांच्या सहली असतात. घरातच गा. खोलीतल्या गाद्या, चादरी बाहेर काढा, त्या आवाज पितात.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

काका, तुमचा निरोप मी रविवारी सगळ्यांना वाचून दाखवला. पुढच्या रविवारी तुम्हीच या. पन्हाळ्यालाही या, जागा आहे.

रंकाळाकाठ (कोल्हापूर), जानेवारी

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

शनिवारी दहाला पोहोचलो. पन्हाळा शहरापासून वीस किलोमीटरच, पण वर थंडी अशी की पहिला अर्धा तास नुसतं गुणगुणण्यात गेला. मिसळ मी सकाळी बंद ठेवली होती, त्यावरून दोघांची नाराजी झाली. दुपारी झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही आलं तेव्हा ती गेली.

लिहिलेला सा पांढरी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा. आम्ही पांढरी तीन घेतला. त्या काळी सगळीकडे एकच ठरलेली पट्टी नव्हती, त्यामुळे गळ्याला सोसेल तिथं सा धरायला हरकत नाही, आणि आमच्या बायकांचे गळे ख्यालामुळे खाली स्थिरावलेले आहेत. अर्धा सूर उतरवल्याबरोबर सोप्रानोच्या चौघींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

लॅटिन मी देवनागरीत लिहून दिलं होतं. हे सगळ्यांनी करावं. ‘देसिदेरात आद फोन्तेस आक्वारुम’. आपला दंत्य त इटालियन धाटणीच्या लॅटिनला चपखल बसतो, रोमन अक्षरं बघून जीभ उगाच ट कडे जाते.

सर्वांत अवघड गेलं ते सुरांना जोडून ठेवणारी आस सोडणं. एका सुरावरून दुसऱ्यावर आम्ही मींडेनंच, म्हणजे न तोडता घसरतच, जातो, तेच आमचं शिक्षण. इथं मींड घेतली की शेजारच्या आवाजाला कळत नाही मेळ नक्की कधी बदलला. माझ्या शेजारी बेळगावच्या एक बाई होत्या, वीस वर्षांची तालीम. शनिवारी संध्याकाळी त्या पानं मिटून बसल्या. म्हणाल्या, सूर असा नुसता ठेवून द्यायचा म्हणजे मला त्याला टाकून दिल्यासारखं वाटतं. मला काय बोलावं सुचेना, कारण मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटलेलं. मग काका उठले आणि म्हणाले, तुम्ही फक्त माझा सूर ऐका, गाऊ नका. त्यांनी खालचा सा धरला, बाकी कुणी नाही. एक मिनिटभर. मग बाईंनी आपणहून त्यावर गंधार ठेवला. स्वयंभू गंधार, दादा, अगदी तुमच्या तारेतला. हलला नाही, डोलला नाही, आणि मेलेला तर अजिबात नव्हता. त्यानंतर त्यांना मला काही सांगावं लागलं नाही.

बाणांचं: पेन्सिलनं सहा ठिकाणी काढले होते. खरे कामाचे तीनच निघाले, बाकीचे खोडले. त्यातले दोन आल्टोकडे, एक टेनरकडे. आल्टोच्या आमच्या शिवाजी पेठेतल्या मावशी म्हणाल्या, “कागदावर तोच सूर आणि मी तो चढवून म्हणू? बरं, म्हणतो.” आणि म्हटला. त्या जागी मेळ असा उघडला की ट्रंपेटवाला गाता गाता थांबला. त्याला थांबवल्याबद्दल मावशी आजही त्याच्यावर चिडलेल्या आहेत.

रविवारी दुपारी साडेतीनला शेवटचं गायलो. कार्यक्रम ठेवला नव्हता, पुण्याच्या ताईंचं ऐकलं. तरी मला आता वाटतं की ऐकणारं एक तरी माणूस हवं होतं. आम्ही सगळे आत तोंड करून गात होतो आणि ऐकायला भिंतीच. पुढच्या वेळी भाकरी करणाऱ्या काकूंना बसवणार आहे, शेवटच्या एका वेळेपुरतं.

संपल्यावर तंबोरा लावला. आम्ही खाली होतोच, पण पाव सूर नाही. मोबाइलवर मोजलं: नऊ सेंट. एका बाणाहूनही कमी. ते नऊ कुठं गेले ते मला कळलेलं नाही. बासच्या दुसऱ्या प्रवेशानंतर कुठंतरी असावेत असा संशय आहे, रेकॉर्डिंग ऐकतेय.

व्हिक्टोरिया मात्र राहूनच गेला. दोन दिवसांना दोन रचना जास्त होतात हे लिहून ठेवा कुणीतरी. पहिल्या पानापर्यंत आलो, तिथंच थांबलो.

पुढच्या रविवारपासून बर्डचं ‘आवे वेरुम कॉर्पुस’, १६०५ मधलं. काका आता बासमध्ये आहेत, म्हणजे बास तीन झाले, टेनर अजून एकच. सांगली, इचलकरंजी, निपाणीकडचं कुणी असेल, वरचा मध्यम न ओरडता लागत असेल, तर सकाळी साडेसातला या. नोटेशन येत नसलं तरी चालेल, सरगम लिहून ठेवलेली आहे.

जवारीवाला (मिरज)

ताई, तंबोरा रविवारी घेऊन या मिरजेला. नऊ सेंट तुमचे की त्याचे, सूत बदलून बघू.

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

रविवारी गाणं असतं दादा. शनिवारी दुपारच्या गाडीनं येते.